सुरीचे काम थोडे, मुठीचे काम फार



शेळीपालनाच्या संचात आपण कोणकोणत्या वस्तू देतो याची यादी या पत्रिकेत छापून आल्यापासून मंडळ्यांच्या भेटीत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. जंताची औषधे समजतात, खुरे कापायची कात्री समजते, वजनकाटाही समजतो. पण कातडे काढायच्या सुऱ्या कशासाठी? आदिवासी कल्याणाचा पैसा सुऱ्यांवर का खर्च करायचा? त्यातच परदेशात राहणाऱ्या एका मराठी बंधूंनी हरणाच्या शिकारीत वापरतात तशा सुऱ्यांचा एक डबा आमच्याकडे पाठवला आणि यांतल्या कोणत्या तुमच्या कामाच्या, ते कळवा, असे विचारले. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकत्रच देतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. अमेरिका आणि कॅनडात ठरलेल्या हंगामात परवाना घेऊन हरणाची शिकार करता येते आणि शिकारी जनावर पडल्या जागीच साफ करतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार वन्य प्राण्याची शिकार हा गुन्हा आहे. त्याचे कातडे किंवा मांस बाळगणेही गुन्हाच. ही गोष्ट आम्ही प्रत्येक पाड्यावर सांगतो. आमचा संबंध फक्त घरच्या बोकडाशी आहे. पण हरीण आणि बोकड दोघेही रवंथ करणारे. पोटाची रचना तीच, कातड्याखालचा पांढरा पापुद्राही तसाच. म्हणून शिकाऱ्याची सुरी तपासताना मला माझ्या कामाचेच प्रश्न पडतात.

नुकसान कुठे होते

पाड्यावर लग्नाला, सणाला किंवा नाताळाला बोकड कापला जातो. सुरी चुकीची किंवा बोथट असली तर तीन ठिकाणी नुकसान होते.

पहिले कातड्याचे. व्यापारी कातडे उलटे करून आतल्या बाजूने पाहतो. तिथे सुरीच्या चिरा दिसल्या की भाव उतरतो, आरपार भोक असेल तर आणखी उतरतो. अर्धवट चीर वरून दिसत नाही, पण कातडे कमावताना ती उघडी पडते. ढोलाला चढवलेले कातडेसुद्धा अशा चिरेवरच फाटते.

दुसरे मांसाचे. सुरीचे टोक कोठ्यात किंवा आतड्यात घुसले की आतली घाण मांसावर पसरते. उन्हाळ्यात, बर्फ किंवा फ्रीज नसलेल्या घरात, त्या मांसाने सगळे घर आजारी पडू शकते.

तिसरे हाताचे, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच असते. बोथट सुरीला जोर लावावा लागतो. जोर लावलेली सुरी निसटते आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यात जाते. बोट मिटवणारा स्नायूबंध कापला गेला आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही, तर ते बोट पुन्हा नीट मिटत नाही. जो माणूस विळा, कुदळ आणि नांगर यांवर जगतो, त्याच्यासाठी हे वर्षभराच्या शेळीपालनापेक्षा मोठे नुकसान आहे.

डब्यातल्या सुऱ्या

आता त्या डब्याकडे वळू. त्यात पाच प्रकार निघाले.

एक होती मोठी, सात इंच पात्याची, दिसायला भारदस्त. ती आमच्या उपयोगाची नाही. पाते जितके लांब, तितके टोक आपल्या नजरेपासून दूर. पोटाच्या आत टोक कुठे आहे हे बोटांना कळले पाहिजे, आणि त्यासाठी चार इंच पुष्कळ झाले.

दुसरी घडीची, खिशात मावणारी. प्रवासाला उत्तम. पण रक्त आणि चरबी बिजागरीत जाऊन बसते आणि ती जागा नीट धुता येत नाही. मांसाच्या कामाला एकसंध, न मिटणारी सुरीच बरी.

तिसरी पाते बदलण्याची. शस्त्रक्रियेच्या पात्यासारखे पातळ आणि विलक्षण धारदार पाते, बोथट झाले की टाकायचे आणि नवे बसवायचे. शिकाऱ्यांना ती फार आवडते. पण सांध्याजवळ तिरपा जोर आला की ते पाते तुटते आणि तुकडा मांसात राहू शकतो. शिवाय तालुक्याच्या बाजारात तशी पाती मिळत नाहीत. पाती संपली की सुरी घरात पडून राहणार.

चौथीच्या पाठीला आकडा आहे. कातड्याला छोटी चीर देऊन त्यात आकडा अडकवून ओढला की पोटावरचे कातडे चेनसारखे उघडते आणि आतड्याला धक्का लागत नाही. कल्पना चांगली आहे. पण आकड्यात केस व चरबी अडकते, आणि त्याला धार लावायला गोल बारीक कानस लागते. सपाट दगडावर ते जमत नाही.

पाचवी सर्वांत साधी, आणि मला तीच आवडली. पाते चार इंचांहून थोडे कमी. पात्याची पाठ टोकाकडे हलकेच खाली उतरते, त्यामुळे टोक पाठीच्या रेषेखाली येते आणि पोट उघडताना आतड्यात सहज रुतत नाही. अमेरिकेत बॉब लव्हलेस या कारागिराने शिकारीच्या सुरीचा हा आकार लोकप्रिय केला. याच मापाची, प्लॅस्टिकच्या दांड्याची साधी सुरी स्वीडनमधल्या मोरा गावात पिढ्यान्‌पिढ्या बनते. मूठ पात्यावर घसरू नये म्हणून दांड्याला पुढे उंचवटा असला की झाले.

तिच्या जोडीला खाटकांकडे असते तशी पाच-सहा इंचांची, वर वळलेल्या धारेची, रुंद पात्याची सोलायची सुरी हवी. तिच्या वक्र धारेने कातडे लांब, सपाट फटक्यात सुटते. टोक वर वळलेले असल्यामुळे ते कातड्यात घुसत नाही.

सुरी दार उघडते, आत मूठ जाते

इतके सुऱ्यांचे बोलून झाल्यावर आता खरी गोष्ट सांगतो. बोकडाचे कातडे काढायचे सर्वांत चांगले हत्यार म्हणजे आपली मूठ.

बोकड मागच्या पायांनी टांगायचा. मागच्या पायाच्या मधल्या सांध्याशी कातड्याला छोटी चीर द्यायची. मग सुरीचे टोक कातड्याखाली घालून, धार बाहेर ठेवून, मांडीच्या आतल्या बाजूने कातडे उघडत न्यायचे. धार आतून बाहेर चालली की केस कापले जात नाहीत आणि मांसाला चिकटत नाहीत. दोन्ही मांड्या आणि पोटाची मधली रेषा उघडली की सुरी खाली ठेवायची. एका हाताने कातडे ताणून धरायचे आणि दुसरी मूठ कातडे व पापुद्रा यांच्यामध्ये दाबत न्यायची. जोर नेहमी कातड्याच्या बाजूला. अंग गरम असेपर्यंत कातडे सहज सुटते, थंड झाले की चिकटते. म्हणून उशीर करायचा नाही. शेपटी, छाती आणि मान येथे मूठ अडते. तेवढ्यापुरती वळलेली सुरी घ्यायची.

पोट उघडताना छोटी चीर देऊन डाव्या हाताची दोन बोटे आत घालायची, त्यांच्या बेचक्यात सुरी वर धार करून धरायची आणि बोटांनी आतडी मागे सारत पुढे जायचे. वजडी सबंध बाहेर आली पाहिजे.

कातडे धुऊन, निथळून, त्याच्या वजनाच्या साधारण 40 टक्के मीठ आतल्या बाजूला चोळायचे, आणि तेही काही तासांत. उन्हात जमिनीवर टाकलेले कातडे वरून वाळते, आतून कुजते.

दोन रंग, एक पातेले, एक दगड

आमच्या संचात म्हणून दोनच सुऱ्या आहेत. पिवळ्या दांड्याची वळलेली सुरी कातड्यासाठी, पांढऱ्या दांड्याची छोटी सुरी पोट व मांसासाठी. केसांवर चाललेली सुरी मांसाला लावायची नाही, एवढा नियम रंगामुळे मुलांच्याही लक्षात राहतो. कत्तलखान्यात सुऱ्या 82 अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवून ठेवतात. पाड्यावर चुलीवरचे उकळते पातेले तेच काम करते.

पोलाद न गंजणारे हवे, कारण आपल्याकडे चार महिने पावसाचे. ते फार कठीणही नको. महागड्या सुरीचे कठीण पोलाद धार टिकवते खरे, पण एकदा बोथट झाले की घरच्या दगडावर तासभर घासावे लागते. साध्या सुरीला पाच मिनिटांत धार येते. कोन कसा धरायचा? सुरी दगडावर उभी धरा, मग निम्मी कलती करा, मग आणखी निम्मी. तो साधारण 20 अंशांचा कोन झाला. धार कागदावर तपासावी, अंगठ्यावर नव्हे. आणि दुसऱ्या हातात, म्हणजे सुरी नसलेल्या हातात, काप न लागणारा हातमोजा घालावा.

उपदेशकाच्या 10 व्या अध्यायात 10 व्या वचनात बोथट हत्यार आणि वाया जाणारे बळ यांविषयी सांगितले आहे. प्रशिक्षणाच्या सुरुवातीला आम्ही तेच वाचतो. लेवीयच्या 7 व्या अध्यायात होमार्पणाचे कातडे याजकाच्या वाट्याला येई असे आहे. सबंध कातड्याचे मोल तेव्हापासून आहे. आणि पेत्राने याफोत कातडे कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी मुक्काम केला, हे आपण विसरू नये. या कामात कमीपणा नाही.

सुरी काढायचीच नाही असा प्रसंग

जनावर अचानक मेले, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर सुरी म्यानातून काढायचीच नाही. हा काळपुळीचा, म्हणजे फाशी रोगाचा संशय आहे. शव उघडले की हवेच्या संपर्काने त्या जंतूंची बीजे तयार होतात आणि मातीत ती कित्येक वर्षे जिवंत राहतात. माणसाच्या हाताला लागली तर मध्ये काळी पडणारी, न दुखणारी फोड येते. ती लवकर दाखवली तर औषधाने बरी होते. गरीब घराला मेलेला बोकड फेकवत नाही, हे मी जाणतो. तरीही तिथे मांस नाही, कातडेही नाही. 1962 या क्रमांकावर पशुवैद्यकांना कळवायचे आणि ते सांगतील तसे शव खोल पुरायचे. आमच्या प्रशिक्षणात सर्वांत जास्त वेळ या एका गोष्टीला जातो.

ज्यांना या कामाला हातभार लावायचा आहे त्यांना नम्र विनंती: मोठ्या, देखण्या सुऱ्या पाठवू नका. दोन साध्या सुऱ्या, धारेचा दगड, हातमोजा आणि मिठाचे पोते यांतच एका पाड्याची गरज भागते. डबा पाठवणाऱ्या बंधूंचे मनापासून आभार. पाचवी सुरी प्रशिक्षणात रोज वापरात आहे.

प्रार्थना विषय: पावसाळ्यात जनावरे निरोगी राहावीत, पाड्यांवर लसीकरण वेळेवर व्हावे, आणि कष्ट करणाऱ्या प्रत्येक हाताचे प्रभूने रक्षण करावे.