पेरू खावा, पिऊ नये

कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या फाटकासमोर औषधांच्या दुकानांइतकीच गर्दी फळांच्या गाड्यांवर असते. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून सफरचंदं, मोसंबी, फार तर एखादं डाळिंब पिशवीत पडतं. मराठी घरात फळ शिरतं ते असं निमित्ताने. कुणी अंथरूण धरलं की, चतुर्थी-एकादशीला, नाहीतर पूजेत मांडायच्या पाच फळांसाठी. भाजी रोज आणायची आणि फळ कारण असेल तरच, हा हिशेब कितीतरी घरांत ठरून गेलेला आहे.

भेटीच्या त्या पिशवीत पेरू सहसा नसतो. एकतर खोकला होईल ही धास्ती, आणि दुसरं, इतकं स्वस्त फळ न्यायचं म्हणजे बरं दिसत नाही. आकडे मात्र वेगळंच सांगतात. शंभर ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व असतं जेमतेम ४-५ मिलिग्रॅम, संत्र्यात ४० ते ५०, आणि पेरूत तब्बल २०० च्या वर. प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम, स्त्रीची ६५. मध्यम आकाराचा अर्धा पेरूसुद्धा ती भागवतो. तंतूंचं प्रमाणही सफरचंदाच्या दुपटीच्या घरात. क जीवनसत्त्व सालीत आणि सालीलगतच्या गरात जास्त असतं, म्हणून पेरू सोलून खाणाऱ्यांना काय म्हणावं हा प्रश्नच आहे.

फळ रोज खायचं तर किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यातल्या दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. शंभर ग्रॅम म्हणजे साल काढलेलं एक केळं किंवा एक लहान पेरू. टोपलीभर फळांचा आग्रह कुणी धरलेला नाही. अडचण आहे ती 'रोज' या अटीची.

इथेच पुष्कळजण मिक्सरकडे वळतात. चावत बसायला वेळ कुणाला आहे, रस काढला की घटाघट पिऊन मोकळं. फळ तेच, साखर तीच, मग फरक काय पडतो? इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या संशोधकांना हाच प्रश्न पडला होता. १९७७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा प्रयोग छापून आला. दहा निरोगी माणसांना त्यांनी वेगवेगळ्या वेळी सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, गर वाटून आणि तंतू काढून टाकलेला रस. तिन्हींत पिष्टमय पदार्थ सारखेच, ६० ग्रॅम. रस अख्ख्या फळापेक्षा अकरापट वेगाने पोटात गेला. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सर्वांत जास्त आली, वाटलेल्या गराने त्याहून कमी आणि रसाने सर्वांत कमी.

गंमत रक्तात दिसली. तिन्ही वेळा रक्तातली साखर साधारण सारख्याच उंचीपर्यंत चढली. मात्र रस प्यायल्यावर इन्शुलिन जास्त स्रवलं, आणि मग साखर जी घसरली ती सुरुवातीच्या पातळीच्याही खाली गेली. अख्खं सफरचंद खाल्ल्यावर अशी घसरण झाली नाही. रस पिऊन तासाभरात पुन्हा भूक का लागते, याचा एक धागा इथे सापडतो.

कारण फळाच्या घडणीत आहे. फळातली साखर पेशींच्या आत असते आणि पेशींभोवती सेल्युलोज, पेक्टिन यांच्या भिंती. दात कितीही चावोत, बऱ्याच भिंती शाबूत राहतात, साखर सावकाश सुटते आणि पेक्टिनमुळे पोटातला लगदा दाटसर होऊन पुढे हळू सरकतो. न पचलेले तंतू मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जिवाणू त्यांच्यापासून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यांवर पोसल्या जातात. मिक्सरचं पातं भिंती फोडतं आणि गाळणी उरलेला चोथा बाजूला काढते. जे मोलाचं तेच ओल्या कचऱ्यात!

खोक्यातल्या रसाची कथा आणखी वेगळी. त्यातला बराचसा रस आटवून घट्ट केलेला असतो आणि नंतर त्यात पाणी घालून तो पुन्हा पातळ करतात. अशा रसाच्या वेष्टनावर '१०० टक्के फळांचा रस' असा दावा करू नये, असा आदेश भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये काढला. एवढी साधी गोष्ट सांगायला आदेश लागला, यातच सगळं आलं.

दहा माणसांच्या प्रयोगावर सगळा भार टाकू नये, हे खरंच. पण मोठ्या पाहण्यांचा कौलही याच बाजूने आहे. अमेरिकेतल्या १ लाख ८७ हजारांहून अधिक परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून केलेला अभ्यास २०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद अशी अख्खी फळं खाणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचं प्रमाण कमी आढळलं, तर रस पिणाऱ्यांत जास्त. चीनमध्ये सुमारे पाच लाख लोकांचा काही वर्षं मागोवा घेतला गेला. तिथे रोज ताजं फळ खाणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या आजारांनी होणारे मृत्यू, फळ क्वचित किंवा कधीच न खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसले. आता, रोज फळ परवडणारा माणूस इतर बाबतींतही सुस्थितीत असतो. संशोधक गणिताने हा फरक वजा करतात, तरी तो पूर्ण पुसला जात नाही. म्हणून ४० टक्के हे फळाचं एकट्याचं श्रेय मानू नये.

पेरूचं महाराष्ट्राशी नातं बाजारापुरतं नाही. देशभर लावली जाणारी 'सरदार' ऊर्फ 'लखनौ ४९' ही जात नावाने उत्तरेची वाटते, पण तिची निवड झाली पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात, १९२७ साली, लखनौहून आणलेल्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून. पावसाळ्यातल्या आंबे बहाराच्या फळांना फळमाशीचा उपद्रव फार. त्यामुळे अनेक बागायतदार उन्हाळ्यात बागेला ताण देऊन, म्हणजे पाणी तोडून, मृग बहार धरतात. त्याची फळं थंडीत येतात, अधिक गोड आणि टिकाऊ. पेरू सर्वांत चांगला आणि मुबलक मिळतो तो नेमका याच दिवसांत, आणि 'थंडीत पेरू नको' म्हणून मुलांच्या हातून काढून घेतला जातो तोही याच दिवसांत.

सर्दी-खोकला होतो तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे. गाडीवरच्या फोडींवर भुरभुरलेल्या तिखट-मिठाने घसा खवखवेल फार तर. उलट क जीवनसत्त्वाने सर्दी टळते हा समजही तितकासा खरा नाही. त्याच्या गोळ्या नियमित घेणाऱ्या मोठ्या माणसांचं सर्दीचं दुखणं सरासरी ८ टक्क्यांनी आणि मुलांचं १४ टक्क्यांनी लवकर आटोपतं, इतकंच अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर हाती आलं.

पेरूचा खरा उपयोग जेवणाच्या ताटाजवळ आहे. डाळ, भाजी, नाचणी, बाजरी यांतलं लोह शरीरात सहजी शोषलं जात नाही. क जीवनसत्त्व सोबत असलं की लोह विद्राव्य रूपात राहतं आणि शोषण वाढतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी किशोरवयीनांना भाताच्या जेवणासोबत पेरू देऊन हे मोजलं, आणि वाढ स्पष्ट दिसली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. फक्त पेरूने तो हटणार नाही. पण जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातले टॅनिन लोह अडवून धरतात. चहा तासभर पुढे ढकलून त्याच्या जागी पेरूच्या चार फोडी खाल्ल्या तर खर्च फारसा वाढत नाही.

मधुमेह असलेल्यांनी फळ वर्ज्य मानायचं कारण नाही. प्रमाण सांभाळावं, अख्खं फळ खावं आणि रस टाळावा. मूत्रपिंडाच्या रुग्णांचं मात्र वेगळं. केळं, पेरू यांतलं पोटॅशियम त्यांना झेपेलच असं नाही, तिथे डॉक्टरांचाच शब्द शेवटचा. आणि कवळी बसवलेल्या आजी-आजोबांना पेरूच्या बिया छळत असतील तर मऊ पिकलेल्या पेरूचा बियांचा मधला गोळा चमच्याने काढून टाकावा. तरी जमत नसेल तर पपई आहे, चिकू आहे.