मूठ सैल का होते?

स्वयंपाकघरात जा आणि लाकडी मुठीच्या जेवढ्या वस्तू सापडतील तेवढ्या एकेक करून हातात घेऊन हलवून पाहा. उलथणे, झारा, तवा, सुरी. निदान एकाची तरी मूठ खुळखुळत असेल, नाहीतर तिला उभी चीर गेलेली असेल. उकळत्या तेलातून भजी काढताना झारा मुठीतून निसटला तर काय होईल, हे सांगायला नको. अशा वेळी आपण कारागिराला नावे ठेवून मोकळे होतो. परंतु या दोषाचे मूळ लाकडाच्या घडणीत आहे, आणि ते समजायचे तर मूठ लेथवर कशी घडते हे आधी पाहायला हवे.

मुळात मूठ लाकडाची का करतात? लाकडाची उष्णतावाहकता १ मानली, तर स्टेनलेस स्टीलची सुमारे १००, साध्या पोलादाची ३०० हून अधिक आणि ॲल्युमिनियमची हजाराच्याही पुढे जाते. लाकूड उष्णतेला एवढे अडवते ते त्याच्या आत असलेल्या हवेमुळे. लाकूड म्हणजे अतिसूक्ष्म नळ्यांची जुडी असते. झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी वर चढते. लाकूड वाळले की त्यांत हवा भरते, आणि हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. या नळ्या खोडाच्या लांबीला समांतर असतात. खराट्याच्या हिरांची घट्ट बांधलेली जुडी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल.

हीर ओढून तोडायला जोर लागतो. पण दोन हीर एकमेकांपासून वेगळे करायला काहीच लागत नाही. लाकडाचेही तसेच आहे. रेषेच्या दिशेने ते जेवढा ताण सोसते, त्याच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढ्या ताणाने ते आडवे फाटते. म्हणून मुठीच्या लांबीत रेषा उभ्या धावतील असाच तुकडा कारागीर निवडतो. खोडाचा गाभा मुठीत येणार नाही, याचीही तो काळजी घेतो.

लेथवर लाकूड गोल करण्याच्या कामाला मराठीत कातणे म्हणतात आणि ते करणारा तो कातारी. (सूत कातण्याशी याचा गोंधळ करू नका!) लाकडाचा चौकोनी तुकडा दोन टोकांच्या मध्ये आडवा पकडलेला असतो. एक टोक मोटरने फिरते, दुसरे नुसता आधार देते. पूर्वी मोटरच्या जागी एक माणूस लाकडाला गुंडाळलेली दोरी पुढेमागे ओढत बसे. लाकूड एकदा सुलट आणि एकदा उलट फिरे, आणि कापणे मात्र सुलट फेरीतच होई. तुकड्यासमोर लोखंडी टेकू असतो. त्यावर गोल पटाशी टेकवून कातारी ती हळूहळू आत सरकवतो.

आता थोडे गणित करू. तुकडा ४० मि.मी. बाजूचा चौकोनी असेल, तर त्याचा कोपरा मध्यापासून सुमारे २८ मि.मी. दूर असतो. मिनिटाला १००० फेरे या गतीने कोपऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर होतो. हा वेग काही फार नाही. पण त्याचे केंद्रगामी त्वरण काढून पाहा: ते गुरुत्वीय त्वरणाच्या ३० पटींहून जास्त भरते! फेरे दुप्पट केले की ते चौपट होते. तुकड्यात एखादी चीर असेल, तर सुटलेली ढलपी कोणत्या जोराने उडेल याची यावरून कल्पना यावी. म्हणून चौकोनी तुकडा सावकाश फिरवायचा आणि गोल झाल्यावर मग गती वाढवायची. डोळ्यांवर चष्मा हवाच. सैल बाही, ओढणी, बांगडी, अंगठी यांपैकी काहीही अंगावर नको. शाळेच्या कार्यशाळेत लेथ असेल, तर शिक्षक जवळ असल्याशिवाय तिला हात लावू नये.

मुठीला पोट काढताना कातारी पटाशी नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे नेतो, उताराला चालल्यासारखी. याचे उत्तर पुन्हा जुडीत आहे. उताराला कापताना प्रत्येक हिराखाली दुसऱ्या हिराचा आधार असतो, म्हणून तो स्वच्छ कापला जातो. चढाला कापायला गेलात तर वरच्या हिराचे टोक मोकळे असते. पटाशी त्याच्याखाली घुसते आणि तो उचकटून निघतो.

कर्नाटकातील चन्नपट्टण आणि आपली सावंतवाडी या दोन्ही ठिकाणी कातीव लाकडाला लाखेचा रंग देतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनेच लाख मऊ होऊन पसरते. वेगळी भट्टी लागत नाही. लाटण्याच्या मुठींना ही लाख फार शोभते. झाऱ्याच्या मुठीला मात्र ती नको, कारण ७०-८० अंश सें. तापमानाला लाख मऊ होते आणि हाताला चिकटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लाकूड हवेतील बाष्प शोषते आणि सोडते. बाष्प शोषले की ते फुगते, सोडले की आकसते. पण सर्व दिशांना सारखे नव्हे. ओले सागवान पूर्ण वाळवले, तर ते वार्षिक वलयांना आडवे सुमारे २.५ टक्के आणि वलयांच्या परिघाच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते. लांबीत मात्र फरक जवळजवळ पडतच नाही. कोकणच्या पावसाळ्यात लाकडातील ओलावा १८ टक्क्यांच्या आसपास जातो, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो ६ टक्क्यांच्या आसपास येतो. आकसणे सुरू होते ते ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर. म्हणजे हा १२ टक्क्यांचा फरक एकूण आकसण्याच्या सुमारे दोनपंचमांश होतो. २५ मि.मी. व्यासाची मूठ घेतली, तर ती एका दिशेने सुमारे पाऊण नव्हे, पण अर्ध्याहून थोडी अधिक म्हणजे ०.५८ मि.मी. आणि दुसऱ्या दिशेने ०.२५ मि.मी. बारीक होते. पावसाळ्यात गोल कातलेली मूठ उन्हाळ्यात गोल राहत नाही, ती लंबगोल होते.

मुठीच्या मध्यभागी भोक असते आणि त्यात झाऱ्याचे लोखंडी टोक ठोकलेले असते. लाकूड आकसल्यावर हे भोक मोठे होईल की लहान? अकरावीच्या वर्गात हा प्रश्न टाकला की हमखास दोन तट पडतात. ‘मोठे होईल’ म्हणणाऱ्यांचा आवाज बहुधा चढा असतो, कारण मूठ सैल झालेली त्यांनी पाहिलेली असते. पण बैलगाडीच्या चाकाची धाव आठवा. लोखंडी धाव तापवली की तिच्या मधली पोकळीही मोठी होते, म्हणून ती चाकावर चढते. थंड झाली की पोकळी लहान होते आणि चाक आवळले जाते. लाकडाचेही तसेच. लाकूड आकसले की भोकही लहान होते.

मग मूठ आवळायला हवी, सैल का होते? कारण आतले लोखंड आकसत नाही. लाकूड त्याला आवळू पाहते आणि स्वतःच परिघाच्या दिशेने ताणले जाते. हा ताण रेषांना आडवा असतो, आणि त्याच दिशेने लाकूड सर्वांत दुबळे! जुडीतले हीर एकमेकांपासून सुटतात. भोकापासून बाहेर चीर जाते आणि पकड संपते. त्यातच लोखंडी टोक चुलीची उष्णता थेट मुठीच्या पोटात नेते. आतले लाकूड रोज वाळते आणि भांडी घासताना बाहेरचे रोज भिजते.

चीर जाऊ नये म्हणून मुठीच्या तोंडाशी धातूचे कडे बसवतात. कड्याच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे, कारण तेथे लाकूड आत आणि धातू बाहेर. भिजलेले लाकूड फुगते, कडे त्याला जागा देत नाही, म्हणून नळ्या चेपल्या जातात. चेपलेल्या नळ्या पुन्हा पूर्ववत होत नाहीत. वाळल्यावर लाकूड पहिल्यापेक्षा बारीक होते आणि कडे ढिले पडते. मूठ घट्ट व्हावी म्हणून ती रात्रभर पाण्यात ठेवण्याचा घरगुती उपाय सकाळपुरताच खरा. पुढच्या खेपेला ती अधिकच सैल होते.

माझ्या मते लोखंडी टोक मुठीतून आरपार नेऊन पलीकडे वाकवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे, कारण मग लाकडाच्या पकडीवर काही अवलंबूनच राहत नाही. चांगले वाळलेले लाकूड घेऊन ते जवसाच्या तेलाने माखले, तर ओलाव्याची ये-जा मंदावते, थांबत नाही.

भोकाचा प्रश्न तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता. सुताराकडून गाभा नसलेल्या ओल्या लाकडाच्या, रेषेला आडव्या कापलेल्या, १ सें.मी. जाडीच्या दोन चकत्या घ्या. दोन्हींना मध्ये १० मि.मी. चे भोक पाडून घ्या. एकीत तेवढ्याच जाडीचा बोल्ट घट्ट बसवा, दुसरीचे भोक मोकळे ठेवा. दोन्ही सावलीत वाळू द्या. मोकळे भोक दर दोन दिवसांनी व्हर्नियरने मोजा. वलयांना आडवे एकदा आणि त्याच्या काटकोनात एकदा. दर वेळी चकतीचे वजनही करा. वजन स्थिर झाले की वाळणे संपले असे समजा, आणि मग बोल्ट असलेल्या चकतीला चीर गेली आहे का, गेली असल्यास ती वलयांना आडवी आहे की त्यांच्या बरोबरीने जाणारी, हे पाहा.