गीतमंचातील गैरहजर मुलाचे काय करावे?

डिसेंबर जवळ आला की यवतमाळ जिल्ह्यातील शाळाशाळांतून पेटी-ढोलकी बाहेर निघते. स्नेहसंमेलन आणि पाठोपाठ 26 जानेवारी. समूहगीतासाठी आठ-दहा मुले निवडली जातात, तालीम सुरू होते आणि आठवडाभरातच तक्रार येते, "सर, तो येतच नाही!" ढोलकीवाला आला नाही तर सर्वांची तालीम वाया जाते. रोज येणाऱ्या मुलांवर हा अन्यायच होय. म्हणून शिक्षक चिडून नाव कापतात.

परंतु नाव कापण्यापूर्वी एक चौकशी व्हावी. हजेरीपटावर गैरहजेरीची खूण असते, कारण नसते. आपला जिल्हा कापसाचा. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत वेचणीचा हंगाम आणि तालमीचा हंगाम नेमका एकच! वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून घरचे हात कमी पडले की मूलही शेतात नेले जाते. बाहेरगावच्या मुलांची एस.टी. शाळा सुटल्याबरोबर असते. हिवाळ्यात सहाच्या आतच अंधारते, तेव्हा मुलीला थांबवून घ्यायला आई-वडील तयार नसतात. बारा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटतो. वरचा सूर लागत नाही, सोबती हसतात आणि तो तालीम टाळतो. याला बेपर्वाई कसे म्हणावे?

यावर उपाय आहेत. तालीम शाळा सुटल्यावर न घेता मधल्या सुट्टीत किंवा परिपाठानंतर वीस मिनिटे घ्यावी. प्रत्येक वाद्यावर दोन मुले तयार करावीत, म्हणजे एकावाचून काम अडत नाही. आवाज फुटलेल्या मुलाला खंजिरी किंवा ढोलकी द्यावी. आणि वेचणीवर जाणाऱ्या मुलाच्या घरी शिक्षकांनी एकदा तरी जावे, कारण तिथे प्रश्न केवळ गाण्याचा नसून शाळेचाच असतो. गीतमंचातून तुटलेले मूल पुढे शाळेतूनही गळू शकते.

काही मुलांना मात्र खरोखरच गोडी नसते. हौसेने नाव देतात आणि तालमीला दांडी मारतात. अशा मुलाला चारचौघांत टोचून बोलू नये. एकटे बोलवावे, कोणत्या दिवशी यायचे ते ठरवून द्यावे, एक जबाबदारी सोपवावी. ठरलेल्या मुदतीत सुधारणा न झाल्यास त्याची जागा दुसऱ्याला द्यावी, पण पुढच्या वर्षी दार उघडे ठेवावे. नियम मात्र सर्वांना सारखा असावा, मग तो सरपंचाचा मुलगा असो की मजुराचा.

1930 च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी जलशांतून गावोगाव जागृती केली. लोकांना नाव मुख्य गायकाचेच आठवते, पण मागे झील धरणारे नसते तर जलसा उभा राहिला नसता. मागच्या रांगेतल्या मुलालाही हे कळले पाहिजे. आता तर 19 फेब्रुवारी 2023 पासून राजा बढे यांचे गीत राज्यगीत झाले असून तेही शाळांतून गायचे असते. म्हणजे गीतमंचाचे काम वर्षभराचे झाले.

पालकांनो, आपल्या मुलाचे नाव गीतमंचात असेल तर तालमीचे दिवस विचारून घ्या. त्या दिवशी त्याला शेतात नेऊ नका. अडचण असेल तर गुरुजींना आधी सांगा. आणि गुरुजींनो, नाव कापण्यापूर्वी "का आला नाहीस?" एवढे एकदा, रागावल्याशिवाय विचारा.