चैत्यभूमीला लेकरं घेऊन निघताना

नोव्हेंबर सरत आला की वस्तीत टेम्पोची वर्गणी सुरू होते. माणशी किती, डिझेलला किती, शिदोरी कोणाकडे, सगळं ठरतं. लेकरांच्या पाण्याचं मात्र कोणी ठरवत नाही.

एका वर्षी आमच्याच टेम्पोत दीड वर्षाच्या मुलाला कसारा घाटाच्या अलीकडे जुलाब लागले. पाणी पाजलं की जुलाब वाढतात, असं म्हणून आम्ही मोठ्यांनीच त्याचं पाणी तोडलं. दादरला पोचेपर्यंत पोराचे डोळे खोल गेले, रडायचंही त्राण उरलं नाही. दवाखान्यात नेऊन सलाईन लावावी लागली. त्याच्या आईला त्या वर्षी अभिवादनाची रांग मिळालीच नाही.

पाणी तोडल्याने जुलाब थांबत नाहीत. अंगातलं पाणी आणि मीठ जातच राहतं, आणि लहान जिवाजवळ त्याचा साठा मुळातच थोडा. जुलाब चालू असतानाही मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र असली की आतडं पाणी ओढून घेतं. ओआरएसचं काम एवढंच. आशाताईंकडून किंवा सरकारी दवाखान्यातून पाकिटं निघण्याआधीच मागून घ्या. अख्खं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात टाकायचं. अर्ध्या पाण्यात घट्ट केलं तर अपाय होतो. तयार पाणी २४ तासांनी ओतून द्या. दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पाजा. अंगावरचं दूध बंद करू नका. दुकानातल्या गोड रंगीत डब्या म्हणजे ओआरएस नव्हे, त्यावर पैसे घालवू नका.

पोर मलूल पडलं, काहीच पीत नसलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर वाट न बघता डॉक्टर गाठा. शिवाजी पार्कवर त्या दिवसांत महापालिकेचे आरोग्य कक्ष असतात. उतरल्या उतरल्या ते कुठे आहेत ते पाहून ठेवा.

शिदोरीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे, केळी बरी. दूध आणि ओलं कालवण टेम्पोत सकाळपर्यंत टिकत नाही. घाटात पहाटे गारठा असतो, तेव्हा कानटोपी हाताशी ठेवा, गाठोड्याच्या तळाशी नको. मैदानावर धूळ उडते. दम्याच्या मुलाचं औषध आईच्या पिशवीतच असू द्या.

आणि झोपायचं कुठे? मंडपात जागा नसली की काही जण सावलीला म्हणून टेम्पोखालीच पथारी टाकतात. ड्रायव्हरला खाली कोण आहे ते दिसत नाही. उभ्या गाडीच्या खाली किंवा मागे लेकरू निजवू नका, चाकाला दगड लावलेला असला तरी. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव, गाव आणि दोन फोन नंबरांची चिठ्ठी घाला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.