अमेरिकन पणजोबांचा माग छत्तीसगडात

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो पोलादाचा कारखाना. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातून माणसे येऊन इथे स्थिरावली. मराठी घरेही त्यांत आली. पण परदेशी माणूस या मुलखात येऊन राहिल्याची गोष्ट त्याहून बरीच जुनी आहे.

१८६८ साली ऑस्कर लोर हे अमेरिकेतून आलेले पाद्री छत्तीसगडात पोचले. रेल्वे तेव्हा नागपूरलाच संपत असे. भिलाईहून रायपूर ओलांडून बलौदाबाजारच्या बाजूला गेले की बिस्रामपूर लागते. सरकारकडून पडीक जमीन घेऊन लोर यांनी वसवलेले हे गाव. सतनामी समाजात त्यांनी काम केले. १९०७ मध्ये ते वारले.

अशा पूर्वजाचा शोध घेणारा वंशज आधी अमेरिकेतच धुंडाळतो आणि तिथेच अडतो. कारण लोर जन्माने जर्मन, सायलेशियातले; त्या प्रांताचा बहुतेक भाग आज पोलंडमध्ये आहे. तरुणपणी ते गॉसनर मिशनतर्फे छोटानागपुरात होते. १८५७ च्या उठावात तिथून निघावे लागले आणि मग ते अमेरिकेला गेले. म्हणजे ‘अमेरिकन’ पणजोबांनी अमेरिकेपूर्वीच हिंदुस्थान पाहिला होता!

अमेरिकेच्या खानेसुमारीत १८५० पासून घरातल्या माणसांची नावे, वय आणि जन्मस्थान नोंदले जाऊ लागले. तो धागा चांगला. दुसरा धागा त्यांना पाठवणाऱ्या जर्मन इव्हँजेलिकल मिशनरी सोसायटीचा. तिची कागदपत्रे सेंट लुईसजवळच्या ईडन धर्मविद्यालयाच्या संग्रहात आहेत. इतिहासकार सौरभ दुबे यांनी ती अभ्यासली. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रांतात होते आणि राजधानी होती नागपूर, त्यामुळे सरकारी पत्रव्यवहारासाठी नागपूरचीही वारी करावी लागते. आणि हो, नकाशात पाहताना जपून! सूरजपूर जिल्ह्यातले कोळसा खाणींचे बिश्रामपूर वेगळे.

खरा ऐवज मात्र चर्चच्या नोंदवहीत असतो. बाप्तिस्मा, विवाह, दफन. तारीख आणि आईबापांची नावे. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही सापडली की घरात केवढा आनंद होतो! हरिद्वारच्या पंडांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घ्यायला तर अमेरिकेतल्या यूटाची वंशावळ संस्था आली होती. पण ज्यांना देवळांची दारेच बंद होती, त्यांची नावे अशा वह्यांत कुठून असणार? बिस्रामपूरच्या सतनामी ख्रिस्ती घरांसाठी पाद्र्याने लिहिलेली ओळ हीच घराण्याची पहिली लेखी खूण. अमेरिकेहून आलेल्या पाहुण्याला त्या वहीत एखादा पूर्वज भेटतो. गावातल्या मुलाला आजा, पणजा आणि त्यांचे सगळे भाऊबंद.

१८७४ मध्ये बांधून झालेले इमॅन्युएल चर्च गावात उभे आहे. तिथे जाण्यापूर्वी पाळकांना पत्र टाकावे, पूर्ण नाव व अंदाजे साल कळवावे, आणि आडनावाची स्पेलिंगे सुचतील तेवढी लिहून न्यावीत.