दुर्मिळ सायकलीच्या मूळ भागांची ओळख : बीएसए पॅराट्रूपरच्या निमित्ताने

पुण्यातील कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभारले असून ते २०१७ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्यातील दुसऱ्या महायुद्धकालीन बीएसए पॅराट्रूपर ही घडीची सायकल विशेष उल्लेखनीय होय. अशा सायकलीचा कोणता भाग कारखान्यातून आलेला व कोणता नंतर बसविलेला, हे कसे ठरवावे याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ मध्ये बंदुका घडविणाऱ्या कारागिरांनी स्थापिलेल्या या कंपनीचे बोधचिन्ह म्हणजे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. एका बंदुकीचा भाग दुसरीस बिनचूक बसावा ही शिस्त तिने सायकलीतही आणली; जवाहरनगरसारख्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र या गुणामुळे दुरुस्ती जितकी सुलभ झाली तितकीच ओळख अवघड झाली. शिवाय ही कंपनी सुटे भाग इतर जुळणीदारांनाही विकत असे. त्यामुळे क्रँकवर तीन रायफली दिसल्या एवढ्यावरून संपूर्ण सायकल बीएसएची ठरत नाही.

तपासणीचा आरंभ फ्रेमपासून करणे इष्ट, कारण तीच सहसा बदलली जात नाही. पॅराट्रूपरची फ्रेम वक्र जोडनळ्यांची असून मध्यभागी दोन बिजागऱ्या व त्या आवळणारे विंग नट असतात. युद्धानंतर बीएसएने मुलांसाठी त्याच वळणाची, परंतु न दुमडणारी सायकल काढली. घाईत पाहणारा येथे हमखास फसतो. मूळ पायडल म्हणजे आत ढकलता येणाऱ्या नुसत्या दांड्या होत. रोजच्या वापरास त्या गैरसोयीच्या असल्याने त्यांच्या जागी साधे पायडल आढळल्यास नवल नाही. युद्धकाळात क्रोम व निकेलची टंचाई असल्याने ब्रिटिश सायकलींच्या भागांना मुलामा न देता रंग देत असत. म्हणूनच या सायकलीची झळाळणारी रिम कौतुकापेक्षा संशयास पात्र ठरते.

इतर जुन्या इंग्रजी सायकलींबाबतही हीच दृष्टी उपयोगी पडते. स्टर्मी-आर्चरच्या तीन गतींच्या एडब्ल्यू हबवर निर्मितीचे वर्ष ठोकलेले असते. '५२' म्हणजे १९५२. परंतु हा आकडा हबचे वय सांगतो, सायकलीचे नव्हे. आट्यांचा पुरावा अधिक विश्वसनीय म्हणावा लागेल. क्रँकचा आस ज्या कपांमध्ये फिरतो त्यांवर प्रचलित ब्रिटिश मापात इंचास २४ आटे असतात, तर नॉटिंगहॅमच्या रॅलेने स्वतःच्या सायकलींसाठी २६ आटे ठेवले होते. रॅलेच्या नावाच्या फ्रेममध्ये २४ आट्यांचा कप सरळ बसत असेल, तर फ्रेमचीच चौकशी करावी.

भारतात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यात रॅलेच्या, तर मद्रासजवळील अंबत्तूर येथील टीआय सायकल्समध्ये हर्क्युलिसच्या व पुढे बीएसए नावाच्याही सायकली तयार होऊ लागल्या. खुद्द इंग्लंडमध्ये बीएसएचा सायकल विभाग १९५७ मध्ये रॅलेकडे गेला. अशा स्थितीत नाव एक, कारखाना दुसरा असे सहज घडते. भारतीय भाग बसविलेली इंग्रजी सायकल 'अशुद्ध' म्हणून बाजूस सारण्याची संग्राहकांची प्रवृत्ती मात्र अभ्यासकास परवडणारी नाही. आयात भाग मिळेनासे झाल्यावर गावच्या मिस्त्रीने काय केले, याची नोंद त्याच भागात असते.

खरे नुकसान होते ते हौसेने केलेल्या नव्या रंगकामात. फ्रेमवरील क्रमांक लांबीखाली बुजतो, पट्ट्यांची सोनेरी रेघ खरवडली जाते आणि मागाहून पडताळणीस काही उरत नाही. रंगास हात लावण्यापूर्वी सीटखालचा नळा, मडगार्डची आतील बाजू व चेनकव्हरमागील जागा यांची छायाचित्रे घ्यावीत. ऊन-पावसापासून आडोसा मिळाल्याने मूळ रंग बहुधा तेथेच शिल्लक असतो. काढलेला प्रत्येक भाग, तो मूळचा नसला तरी, चिठ्ठी बांधून सायकलीबरोबरच ठेवावा.