फिशटँक भरण्याची सत्तर वर्षं

घरातल्या फिशटँकचं पाणी काढणं कधीच फार अवघड नव्हतं. नळी लावली की ते आपोआप खाली येतं. घाम निघतो तो नवं पाणी भरताना. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये अडीचशे लिटर पाणी मावतं. त्यातलं पाव बदलायचं म्हटलं तरी साठ-बासष्ट किलो वजन बाथरूममधून हॉलमध्ये आणून छातीएवढ्या उंचीवर ओतायचं.

१९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं आणि काचेमागचे मासे बघणं हा सहलीतला एक कार्यक्रम झाला. घरोघरी मात्र टँक त्यानंतर हळूहळूच पोचले. लोखंडी अँगलची चौकट आणि पुट्टीनं बसवलेल्या काचा, असा त्यांचा थाट असे. टँक रिकामा करून वाळू दिला की पुट्टी आकसायची आणि पुन्हा भरल्यावर कोपऱ्यातून थेंब सुरू. त्यामुळे पाण्याला हात न लावणंच बरं, असं मानणारे पुष्कळ होते. त्यांना शास्त्राचाही आधार होता. १८५० च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं दाखवलं होतं की मासे आणि पाणवनस्पती यांचं प्रमाण जमलं तर पाणी न बदलताही टँक चालतो. ‘जुनं पाणी चांगलं’ हा समज तिथूनच झिरपत आला असावा. उडालेल्या पाण्यापुरता तांब्याभर नवं पाणी घातलं की झालं!

तसं ते होत नव्हतं. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी आधीच जड, त्यात दर आठवड्याला आणखी तेच. टँकच्या काचेवर पाण्याच्या रेघेशी जमणारा पांढरा थर हा त्याचाच पुरावा. शिवाय माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया जिवाणू नायट्रेटपर्यंत पोचवतात, पण मोजकी झाडं असलेल्या टँकमध्ये नायट्रेट पुढे कुठे जाणार? ते पाण्याबरोबरच बाहेर काढावं लागतं.

सिलिकॉननं चिकटवलेले काचेचे टँक आले आणि गळतीची भीती गेली, तसं लोक दुसऱ्या टोकाला गेले. महिन्या-दोन महिन्यांनी एका रविवारी मासे बादलीत, खडी नळाखाली खसाखसा धुतलेली, काचा लखलखीत आणि वरपर्यंत ताजं नळाचं पाणी. चार दिवसांत मासे उलटे. घरावरचं संकट माशांनी अंगावर घेतलं, असं सांगून समाधान करून घेण्याचीही रीत होती. खरं तर खडीत वस्तीला असलेले कामाचे जिवाणू त्या धुण्यात गेले होते, आणि उरलेलं काम क्लोरीननं केलं होतं.

दर आठवड्याला पाव पाणी बदलायचं, ही शिस्त रुळली तेव्हा भरण्याचा प्रश्न खऱ्या अर्थानं उभा राहिला. बादलीतून धो धो ओतलं की खडीत खड्डा पडतो आणि झाडं उपटून वर येतात. म्हणून तळाशी बशी ठेवायची आणि तिच्यावर मगानं सावकाश पाणी सोडायचं, ही युक्ती निघाली. क्लोरीनसाठी दुकानात हायपोचे खडे मिळू लागले. फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत वापरत तेच हे सोडियम थायोसल्फेट. अँटीक्लोरीनच्या कित्येक बाटल्यांत आजही तेच असतं.

अमेरिकेत तोवर थेट नळाला जोडायची लांब नळी आली होती. नळाच्या धारेच्या ओढीनं टँकमधलं पाणी खेचलं जातं, आणि नळाशी असलेला व्हॉल्व्ह फिरवला की त्याच नळीतून नवं पाणी टँकमध्ये येतं. कल्पना झकास. पण ती चालते नळाच्या जोरावर, आणि गच्चीवरच्या टाकीचं वरच्या मजल्यावर येणारं पाणी पुरेशी ओढच देत नाही. वर टँकमधलं एक बादली पाणी काढायला नळाचं कितीतरी चांगलं पाणी मोरीत. दिवसातून एकदाच पाणी येणाऱ्या गावात हे कोणाला परवडावं?

आपल्याकडचं उत्तर कूलरमध्ये सापडलं. विदर्भात घरोघरी असणारा कूलरचा छोटा पंप पाण्याच्या ड्रममध्ये सोडायचा, त्याला पारदर्शक नळी लावायची आणि टँक भरायचा. या पंपाला टँकची उंची सहज झेपते. आदल्या दिवशी भरून उघडा ठेवलेल्या ड्रममधला बराचसा क्लोरीन रात्रीत उडून गेलेला असतो आणि पाणी खोलीच्या तापमानाला आलेलं असतं. मे महिन्यात गच्चीच्या टाकीतून येणाऱ्या कढत पाण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पाणीटंचाईपायी जागा अडवून बसलेला ड्रम माशांच्या बाबतीत विलायती नळीपेक्षा सरस ठरला, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन गोष्टी मात्र पाळा. नळीचं टोक टँकमधल्या पाण्यात बुडू देऊ नका, वरच्या कडेला चिमट्यानं अडकवा. नाहीतर पंप बंद करताच भरलेलं पाणी उलट ड्रममध्ये येऊ लागतं. आणि पंप चालू असताना ना ड्रममध्ये हात घाला, ना टँकमध्ये. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, त्यातलं नायट्रेट झाडांना चालतं. नवा टँक घेणार असाल तर आधी ड्रमची जागा ठरवा, मग टँकची.